घर-अंगण : दोन रंगांची डेलिली



घर कितीही लहान असले तरी तेलाच्या रिकाम्या डब्यापुरती जागा बहुतेकांच्या दारात निघते. त्या डब्यात लावण्याजोगे एक फुलझाड म्हणजे डेलिली. 'डे' म्हणजे दिवस. हिचे फूल सकाळी उमलते आणि रात्र होईतो कोमेजते. एका दिवसाच्या फुलासाठी जागा कशाला अडवायची, असे कोणी विचारील. आमच्या घरीही हाच प्रश्न निघाला होता.

चिठ्ठीवरचे चित्र पाहून आम्ही नर्सरीतून रोप आणले आणि गॅलरीच्या कोपऱ्यात डबा ठेवला. पाने भरघोस वाढली. फूल मात्र वर्षभर आले नाही. आजी म्हणाल्या, "ह्या डब्यात मेथी टाकली असती तर चार वेळा भाजी झाली असती." त्यांचे बोलणे खोटे नव्हते.

चूक झाडाची नव्हती, आमची होती. कोपऱ्यात ऊन येत नव्हते. रोप खोल पुरले गेले होते. वर आम्ही युरिया टाकत राहिलो, त्याने नुसती पाने माजली. मग डबा पूर्वेच्या बाजूला हलवला, रोप वर उचलून लावले आणि युरिया बंद केला.

पुढच्या उन्हाळ्यात दांडा आला. पहिले फूल उमलले ते मंगळवारी. आम्ही कामावर, मुले शाळेत. परत येऊन पाहतो तो फूल मिटलेले! ते पाहिले होते एकट्या आजींनी. रात्री जेवताना त्यांनीच सांगितले, "आतल्या पाकळ्या तांबड्या, बाहेरच्या पिवळ्या. लुगडं आणि त्याचा काठ असावा तसं." दुसऱ्या दिवशी शेजारची कळी उमलली. एका दांड्यावर चौदा कळ्या होत्या. रविवार आला तेव्हा सगळ्यांनी बसून फूल पाहिले. मेथीचे नाव पुन्हा निघाले नाही. आजींनी तिच्यासाठी दुसरा डबा मागून घेतला.

आता दोन रंगांविषयी. डेलिलीला सहा पाकळ्या दिसतात. आतल्या तीन खऱ्या पाकळ्या, बाहेरच्या तीन निदलांच्या. आतल्या तिन्हींचा रंग एक आणि बाहेरच्या तिन्हींचा अगदी वेगळा असेल, तरच ती जात दोनरंगी. नुसते मध्यभागी गडद कडे असले तर ती दोनरंगी नव्हे. 'फ्रान्स हाल्स' ही १९५५ सालची जुनी जात या प्रकारात प्रसिद्ध आहे. तिच्या आतल्या पाकळ्या गंजासारख्या तांबूस, बाहेरच्या पिवळ्या. एका डच चित्रकाराचे नाव तिला दिलेले आहे. झाडाचे मूळ घर चीन, जपान, कोरियाकडचे. अमेरिकेत विसाव्या शतकात संकर करून हिच्या हजारो जाती निघाल्या.

रोप घेताना चित्रावर जाऊ नका, फूल आलेले रोप पाहून घ्या. आपल्याकडे थंडी बेताची असते, म्हणून बारमाही हिरवी राहणारी जात मागा. थंडीत पाने झडणाऱ्या जातींना कडक थंडी लागते.

डब्याच्या तळाला भोके पाडा. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग वाळू घ्या. पाने आणि मुळे जिथे जुळतात तो भाग मातीखाली इंचभरच असावा. सकाळचे पाच-सहा तास ऊन हवे. दुपारच्या कडक उन्हात गडद पाकळ्या करपतात, तेव्हा सावली द्या. कळ्या धरल्यावर पाणी तोडू नका. कोमेजलेली फुले रोज खुडावीत.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. घरात मांजर असेल तर हे झाड लावू नका. डेलिली खाल्ल्याने मांजरीचे मूत्रपिंड निकामी होते. दुसरी गोष्ट मुलांसाठी. चीनमध्ये डेलिलीच्या कळ्यांची भाजी करतात असे ऐकून कोणी काही तोडून खाऊ नये. पावसाळ्यात आपल्या रानात, कुंपणावर लाल-पिवळ्या फुलांची कळलावी वाढते. तिलाही काही जण लिलीच म्हणतात. तिचे कंद जीवघेणे विषारी असतात. ओळख सोपी आहे : कळलावीच्या पानाचे टोक वेलीच्या तणाव्यासारखे वळते आणि ती त्याच्या आधाराने चढते. डेलिलीची पाने लांब, गवतासारखी असून बुडातूनच निघतात.

तीन-चार वर्षांनी डबा फुटव्यांनी भरतो आणि फुले कमी होतात. पाऊस संपल्यावर सगळा गड्डा बाहेर काढा, पाने वीतभर ठेवून कापा, दोन-दोन तीन-तीन फुटवे मुळांसकट वेगळे करा. बी पेरून हाच रंग मिळत नाही. फुटव्यातून मात्र अगदी तसेच फूल येते.

आमचा डबा गेल्या ऑक्टोबरात फोडला. चार वाटे झाले. एक घरी राहिला, तीन आजींनी चाळीत वाटले. देताना प्रत्येकीला त्यांनी एकच सांगितले, "पहिल्या दिवशी कोणीतरी घरी राहा गं."