विषाणू एकच, मग आजोबा आणि नातवाची लक्षणं वेगळी का?

केळापूर तालुक्यातल्या एखाद्या घरात सगळ्यांनाच सर्दी-खोकला झाला, तर दवाखान्यात आधी कुणाला न्यायचं? ज्याला जास्त ताप, त्याला? नेहमी तसं नसतं.

तान्ही बाळं: जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीची देशभर चर्चा झाली, ती बंगळूरूतल्या ३ आणि ८ महिन्यांच्या बाळांमुळे. बाळाच्या श्वासनलिका अरुंद. थोडी सूज आली तरी धाप लागते. दूध न पिणं, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, २ ते ११ महिन्यांच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त असणं, ही धोक्याची खूण.

तरुण: ताप, अंगदुखी, खोकला ठळक दिसतो. बहुतेक जण घरीच बरे होतात.

ज्येष्ठ: प्रतिकारशक्ती मंदावलेली, त्यामुळे ताप येईलच असं नाही. अचानक असंबद्ध बोलणं, जेवण तुटणं, तोल जाऊन पडणं हीच पहिली लक्षणं असू शकतात. मधुमेह, हृदयविकार असेल तर धोका वाढतो.

मग करायचं काय? अशी खूण दिसली की थर्मामीटरवर विसंबू नका. १०८ला फोन करा किंवा पांढरकवड्याला रुग्णालय गाठा. प्रकृती बिघडल्यावर पुढे यवतमाळपर्यंतचा प्रवास असतो, आणि तो वेळ रुग्णाकडे नसतो. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्याही देऊ नका. विषाणूवर त्यांचा उपयोग होत नाही.