सिलिंडरमधले गणित

विद्यार्थी मित्रांनो, ‘इतक्या ग्रॅम पदार्थापासून किती ग्रॅम पदार्थ तयार होईल?’ असा प्रश्न दिसला, की तुमच्यापैकी बरेचजण सूत्र आठवू लागतात. मी शिकवतो पदार्थविज्ञान. तरीही रसायनशास्त्रातील या गणितांविषयी माझे स्पष्ट मत आहे, की ती पाठ करण्याची नाहीत, मोजण्याची आहेत.

स्वयंपाकाचा गॅस हे मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण. सोयीसाठी तो सारा प्रोपेन आहे असे धरू. संतुलित समीकरण सांगते, की प्रोपेनच्या १ रेणूला ऑक्सिजनचे ५ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे ३ व पाण्याचे ४ रेणू तयार होतात. हे आकडे रेणूंच्या संख्येचे आहेत, वजनाचे नव्हेत. गफलत होते ती येथेच! रेणुभार वापरून वजने काढा : ४४ ग्रॅम प्रोपेनला १६० ग्रॅम ऑक्सिजन, त्यापासून १३२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व ७२ ग्रॅम पाणी. रेणू ६ चे ७ झाले, पण दोन्हीकडे वजन २०४ ग्रॅमच.

आता घरच्या सिलिंडरकडे वळू. त्यात १४.२ किलो गॅस असतो. साधे त्रैराशिक मांडा. कार्बन डायऑक्साइड निघेल सुमारे ४२.६ किलो, म्हणजे गॅसच्या तिप्पट! हे जादा वजन आले कोठून? हवेतून. ऑक्सिजन लागला ५१.६ किलो. हवेत तो वजनाने सुमारे २३ टक्के असतो. म्हणून एका सिलिंडरला जवळजवळ सव्वादोनशे किलो हवा हवी.

ती मिळाली नाही तर? दोहोंपैकी जो पदार्थ अपुरा, तोच अभिक्रियेला मर्यादा घालतो. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर चालू ठेवला, तर अपुरा पडतो ऑक्सिजन. मग ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. माणूस बेशुद्ध पडतो, प्रसंगी प्राणास मुकतो.

सूत्र पाठ करून परीक्षेत गुण मिळतात, हे खरे. पण कोणता पदार्थ आधी संपेल, हे सूत्र विचारत नाही. ते आपणच विचारावे लागते. म्हणून शिक्षकबंधूंना व भगिनींना विनंती, की फळ्यावर ‘अ’ आणि ‘ब’ पदार्थ मांडण्याऐवजी एकदा सिलिंडर मांडा. आणि मित्रांनो, तुम्ही सारा गॅस ब्युटेन धरून हेच गणित पुन्हा करून पाहा. त्याआधी मात्र घरातील न्हाणीघराला हवा येण्याजोगी खिडकी आहे ना, हे तपासा.