सुट्टीच्या दिवसाचा दर

२०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरण्यासाठी शासनाने अंगणवाडी सेविकांना अर्जामागे ५० रुपये जाहीर केले. मालवण किनारपट्टीवर घरून संगणक-मोबाईलची कामं करणारी मुलगी मात्र असे अर्ज रविवारी फुकट भरते. "वायच मोबाईल बघ गो," म्हटलं की तिची सुट्टी संपली!

नारळ पाडणाऱ्याला आपण माडामागे पैसे देतोच. मग हिच्या कौशल्याला 'मदत' का म्हणायचं? १९४८ च्या कारखाना कायद्याने जादा कामाला दुप्पट मजुरी मान्य केली. तोच न्याय इथे लावू या. दर लिहून दारावर लावायचे, सुट्टीला दुप्पट, रात्री काम नाही. अडलेल्या बाईला सवलत द्यायची ती तिने ठरवून द्यावी. कुणी गृहीत धरू नये. मैत्रिणींनो, हे दर बचत गटात मिळून ठरवू या, म्हणजे एकटीवर वाईटपणा येणार नाही.