इन्सुलिन सुटते, गोळ्या लागतात



‘मधुमेहावर कायमचा इलाज’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. पत्रलेखकाने दाखला दिलेल्या कॅनडातील एडमंटनच्या प्रयोगात दात्यांच्या स्वादुपिंडांतील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे रोपण करून सात रुग्णांचे इन्सुलिन सुटले, हे खरे. ती गोष्ट २००० सालची. पुढे पाच वर्षांत तिथल्या बहुतेक रुग्णांना पुन्हा इन्सुलिन घ्यावे लागले, हे मात्र पत्रात नाही. शिवाय रोपण टिकावे म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे रोज घ्यायची. त्यांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, मूत्रपिंडालाही त्रास होतो.

टाइप १ च्या ज्या रुग्णांची साखर नकळत उतरून ते बेशुद्ध पडतात, त्यांना हा उपचार खरोखर तारतो, थोडे इन्सुलिन पुन्हा सुरू झाले तरीही. आपल्याकडचे बहुतेक मधुमेही टाइप २ चे. त्यांना या रोपणाची आशा कशाला? शिवाय एका रुग्णाला अनेकदा दोन दात्यांच्या स्वादुपिंडांतील पेशी लागतात; इतके दाते आणायचे कुठून?

– एक वाचक, सातारा