मिनजुन आणि नकूमावशी

गेल्या वीकेंडला साताऱ्यात मामेबहिणीच्या बाळाचं बारसं होतं. पोवई नाक्यावर उतरले, कंदी पेढ्यांचे दोन बॉक्स घेतले आणि घरात शिरले, तर हॉलमध्ये राडा! बाळाचं अक्षर आलंय ‘मी’. आजीला हवाय मिलिंद. आणि आमच्या मॅडम, ज्यांनी डोहाळजेवणापासून फक्त कोरियन सिरियल्स बघितल्यात, त्यांचं एकदम फायनल... मिनजुन!

‘‘मिंजून? खोकल्याचं औषध हाय का काय?’’ इति आजी.

घरात पत्रकार मी एकटीच, त्यामुळे चौकशी माझ्याकडे. मिनजुन हे कोरियात मुलग्यांचं सुपरहिट नाव. २००४ पासून बरीच वर्षं तिथल्या लिस्टमध्ये हेच टॉपला होतं. कुठली चिनी अक्षरं निवडली त्यावर अर्थ ठरतो. साधारण हुशार, देखणा, गुणी वगैरे. थोडक्यात, आपला अर्जुनच की हो!

‘‘आन पोरींची?’’ पाळण्याला झेंडूच्या माळा बांधता बांधता नकूमावशीनं विचारलं.

आईची ही चुलतबहीण. लहानपणी मला तिचं नाव जाम क्यूट वाटायचं. मग २०११ आलं. मी शाळेत होते. २२ ऑक्टोबरला साताऱ्यात २८५ मुलींना कार्यक्रम करून नवी नावं दिली गेली. सगळ्यांचं जुनं नाव एकच, नकुशा. म्हणजे नकोशी! मुलीचं नाव असं ठेवलं की पुढचा नंबर मुलग्याचा, हा त्यामागचा फंडा. पोरींनी आपापली नावं निवडली, कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. पेपर वाचून आईला विचारलं, ‘‘नकू म्हणजे...?’’ आई काहीच बोलली नाही. मावशीच्या पाठीवर दोन भाऊ आहेत.

आता हिला काय सांगायचं? खरं तेच सांगितलं. कोरियातही हेच होतं गं. तिथं मुलीचं नाव ठेवायचे ‘हुनाम’, म्हणजे नंतर मुलगा होऊ दे. १९९२ मध्ये तिथं एक सिरियल आली होती. त्यात जुळी भावंडं. मुलगा गुईनाम, म्हणजे मौल्यवान मुलगा. आणि मुलगी हुनाम. एका दिवशी, एका आईच्या पोटी जन्मलेली!

१९९० साली कोरियात दर १०० मुलींमागे ११६ मुलगे जन्मत होते. २००७ पर्यंत हा आकडा १०६ वर, म्हणजे नॉर्मलला आला. पोरी शिकल्या, नोकऱ्यांना लागल्या, कायदे बदलले, म्हातारपणी पोरगाच हवा हे वेड ओसरलं. आपल्याकडे महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात २००१ ला हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, २०११ ला ८९४. म्हणजे इकडे नावं बदलायचा कार्यक्रम झाला त्याच वर्षी जनगणना सांगत होती की पोरी आणखी कमी झाल्यात.

रात्री भांडी आवरताना मी मावशीला म्हटलं, तुझंही नाव बदलू की. ऍफिडेव्हिट, गॅझेट, सगळं मी बघते. तिच्या आधार कार्डावर अजून नकुशाच आहे.

ती हसली. ‘‘बँक, रेशन, गॅस, समदं पुन्यांदा करू व्हय? आन हाक कोन मारंल नव्या नावानं? तू मारशील?’’

मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि आत कायम जिभेवर असलेलं ‘नकूमावशी’ आलं. गप्प बसले.

बारशात शेवटी कानात मिलिंद सांगितलं गेलं. घरात मात्र आत्तापासून मिनू सुरू आहे, सो मॅडम खूश. निघताना मावशीनं पिशवीत पेढे कोंबले आणि हळूच विचारलं, ‘‘ती सिरियलमधली पोरगी गं, पुढं काय झालं तिचं?’’

‘‘लेखिका झाली.’’

‘‘म्हंजी पुस्तकावर नाव छापलं असंल की तिचं,’’ मावशी म्हणाली, आणि पिशवीची गाठ दोनदा मारली.