सुंठीवाचून खोकला

‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याला सर्दी-पडशाचे स्वरूप पुरते उमगले होते, असे म्हणावे लागेल. पडसे हे दोनशेहून अधिक विषाणूंपैकी कोणत्या तरी एकामुळे होते आणि प्रकृती अन्यथा धडधाकट असेल, तर सामान्यतः सात ते दहा दिवसांत आपोआप बरे होते. त्या मुदतीत सुंठ घेतली तर श्रेय सुंठीला मिळते, गोळी घेतली तर गोळीला. जो आजार आपल्या पायांनी निघून जाणार आहे, त्यावर इलाज विकणारा कधीच खोटा ठरत नाही. सर्दीच्या औषधांचा बाजार या वस्तुस्थितीवर उभा आहे. घरगुती उपचारांचा विचारही तेथूनच सुरू केला पाहिजे.

आजीबाईच्या बटव्यातील जिन्नस सर्वांच्या परिचयाचे आहेत. गवती चहा, आले व तुळस यांचा काढा, हळद घातलेले ऊन दूध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ज्येष्ठमधाची कांडी, भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी, मधातून घेतलेला अडुळशाचा रस. यांपैकी कशानेही पडसे मुदतीआधी हटते, असे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. तथापि घशाला ऊब मिळते, पोटात पातळ पदार्थ जातो, जीव थोडा निवांत होतो. मधामुळे मुलांचा रात्रीचा खोकला काहीसा कमी होतो, असे चाचण्यांत आढळले आहे. मात्र एक वर्षाखालील अर्भकाला मध देणे धोक्याचे असते. अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध पुढे तयार झाले. तेव्हा हा बटवा अगदीच भाबडा नव्हता.

परंतु त्याचे खरे महत्त्व आर्थिक आहे. वैद्यकीय सेवेच्या बाजारात विक्रेत्याला पुष्कळ ठाऊक असते आणि ग्राहकाला फारच थोडे, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले. शिंकणारे मूल घेऊन आलेल्या आईला ‘काहीच देण्याची गरज नाही’ असे सांगणे डॉक्टरला अवघड जाते आणि दुकानदाराला परवडत नाही. मग विषाणूंवर मुळीच न चालणारी प्रतिजैविके दिली जातात. त्यांची किंमत एक कुटुंब मोजते; पण औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या रूपाने उरलेली किंमत साऱ्या समाजाकडून वसूल होते. नाक मोकळे करण्यासाठी जगभर खपलेल्या फेनिलएफ्रिनच्या गोळ्यांचा, त्या पोटात घेतल्या असता, उपयोग होत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने काढला.

पैसा वाया जाणे एक वेळ सोसता येते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने चौदा रुग्णांचा बळी घेतला. त्याच विषाने २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून वीसहून अधिक बालके दगावली. त्यानंतर दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे केंद्र सरकारने पुन्हा बजावले. ज्या औषधाची बहुधा गरजच नव्हती, त्यापायी मुले जावीत, याहून दारुण अपव्यय कोणता?

म्हणून काढ्याचे मोल त्याने टळणाऱ्या खर्चावरून आणि धोक्यावरून मोजले पाहिजे. ‘काहीतरी करा’ या मनाच्या मागणीला तो चार पैशांत उत्तर देतो आणि शरीराला आपले काम करण्यास आठवडाभराची उसंत मिळवून देतो.

हे मोल टिकवायचे असेल, तर दोन गोष्टींपासून सावध राहिले पाहिजे. पहिली, बाजाराने काढाच ताब्यात घेण्याची. २०२० च्या साथीत आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ व मिरी यांच्या काढ्याची शिफारस केली आणि ‘प्रतिकारशक्ती’च्या नावाने पुड्या, गोळ्या व अर्क यांचा सुकाळ झाला. परसातील तुळस आकर्षक वेष्टनात शिरली की तिची किंमत वाढते, गुण वाढत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ताप तीन दिवसांनंतरही हटत नसेल, श्वास जलद चालत असेल, तान्हे मूल अंगावर पीत नसेल, तर ते पडसे नव्हे. तो न्यूमोनिया असू शकतो. तेथे काढ्यात घालविलेला प्रत्येक तास महागात पडतो. शहरातील सुशिक्षित माणूस काढा घेतो तो दवाखाना कोपऱ्यावर आहे या भरवशावर. मेळघाटातील किंवा अक्कलकुव्यातील आईला तो भरवसा असतोच असे नाही. आरोग्यावरील एकूण खर्चात रुग्णाच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह असली, तरी हा भार अद्याप थोडा नाही. परंपरेचा गौरव करणाऱ्या शासनाने प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरची रिकामी खुर्ची त्या गौरवाआड झाकू नये.

घरच्या चुलीवर काढा अवश्य उकळावा. मात्र तो घेणाऱ्याने विचारपूर्वक निवडलेला असावा. दुसरे काही मिळत नाही म्हणून त्याच्या गळी उतरलेला नसावा.