घाम मे महिन्याचा नव्हता

मुंबईत मे महिन्यात घाम येणं ही काही बातमी नाही. त्यामुळे गेल्या वर्षी मला तो जरा जास्तच यायला लागला, तेव्हा मी लक्षच दिलं नाही. दादरचा ब्रिज चढताना धडधडलं, म्हटलं ऊन. रात्री झोप येईना, म्हटलं उकाडा. हात थरथरले, म्हटलं चौथी कॉफी. आणि दोन्ही वेळा भरपेट जेवूनही पाच किलो उतरले, तेव्हा तर मी चक्क खूश! मैत्रिणी विचारायच्या, "कुठलं डाएट गं?" आई तेवढी म्हणायची, "वाळत चाललीयेस."

बिंग फुटलं एका ऑफिसात. मीटिंगला गेले होते. एसी अठरावर, सगळ्या जणी स्टोल गुंडाळून बसलेल्या आणि मी रुमालाने मान पुसतेय! तिथली एक सीनियर हळूच म्हणाली, "अगं, इथे कुणाला घाम येतो? थायरॉइड तपासून घे." मला हसू आलं. थायरॉइड म्हणजे वजन वाढणार, एवढंच माझं ज्ञान.

रिपोर्ट आला. टीएसएच जवळपास शून्य, टी-३ आणि टी-४ चढलेले. निदान : ग्रेव्ह्ज डिसीज. म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉइडला सतत कामाला जुंपते आणि अख्खं शरीर टॉप गिअरमध्ये धावतं. पुरुषांपेक्षा बायकांना हा कितीतरी जास्त होतो, तोही बऱ्याचदा ऐन कमावत्या वयात. दुर्लक्ष केलं, तर हृदयाची लय बिघडते, हाडं ठिसूळ होतात.

मग मी वाचत सुटले. थंड हवेच्या देशांतल्या काही अभ्यासांत याची निदानं गरम महिन्यांत जास्त दिसली. सगळ्याच अभ्यासांत मात्र नाही. एक साधं कारण पटण्यासारखं आहे : हिवाळ्यात कसंबसं निभावतं, उन्हाळ्यात उष्णता सहन होत नाही, म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो. आपल्याकडे गंमत उलटी होऊ शकते. इथे मे महिन्यात सगळेच घामाघूम, त्यामुळे आजार गर्दीत लपतो. माझा तरी लपला.

तेव्हा मंडळी, एक सोपा फंडा. सकाळी उठल्यावर शांत पडून मिनिटभर नाडी मोजा. रोज शंभरच्या वर जात असेल, खाऊनही वजन उतरत असेल, एसीतही घाम फुटत असेल, तर उन्हाला दोष न देता डॉक्टर गाठा. आणि हो, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर टेस्टआधी तसं सांगा. त्या रिपोर्टला चकवतात; निरोगी माणसाचा रिपोर्टही माझ्यासारखा दिसू शकतो.

माझ्या गोळ्या चालू आहेत. हात स्थिर, झोप गाढ. पाचही किलो इमानदारीत परत आले. परवा त्याच ऑफिसात गेले होते. या वेळी मीही स्टोल मागितला.